जुनी एम४२ (स्क्रूसारखी फिरवून बसवायची) लेन्स घेतोयस? आधी हे बघ
अरे तुझ्याकडे सोनीचा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आहे ना, मग हेलिओस ४४-२ ही एम४२ लेन्स बिनधास्त घे, ५८ एमएम एफ/२, सोव्हिएत काळात ढिगाने बनली म्हणून अजून परवडते. सोनी ई माउंटचं (लेन्स बसवायच्या कड्याचं) सेन्सरपर्यंतचं अंतर १८ एमएम आणि एम४२ चं ४५.४६, म्हणजे मधे भरपूर जागा उरते, बिनकाचेचा साधा अडॅप्टर लावला की इन्फिनिटीपर्यंत, म्हणजे अगदी लांबच्या गोष्टींवरही, फोकस मिळतो. निकॉनच्या डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) अंतर ४६.५, म्हणजे एम४२ पेक्षा जास्त, तिथे लांबचा फोकस हवा तर काचवाला अडॅप्टर लागतो आणि स्वस्तातला फोटोची पार वाट लावतो, नकोच तो.

घेताना मोबाईलचा टॉर्च मागून मारून आत बघ, जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सरळ नाही म्हण, कितीही स्वस्त देत असला तरी. आपल्या पावसाळ्यात ती अजून वाढते, म्हणून चांगली लेन्सपण हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकूनच ठेव. बारीक धुळीचं काही नाही.

कॅमेऱ्यात लेन्सशिवाय शटर रिलीज चालू कर नाहीतर फोटोच निघणार नाही, फोकस पीकिंग लाव (फोकसमधल्या कडा रंगाने दिसतात, कारण फोकस हातानेच करायचाय), आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) असेल तर फोकल लेन्थ ५८ किंवा त्याच्या जवळचा आकडा हाताने भर, हे बरेच जण विसरतात. मग एफ/२ ला मागे झाडाची पानं ठेवून कुणाचा तरी पोर्ट्रेट काढ, ते गोल फिरणारं बोके (मागचा धूसर भाग) खरंच वेड लावतं!