नवीन नोकरीला लागलेल्या मुलींसाठी

अगं, साहेब रात्री अकराला ‘झोपलीस का?’ असा मेसेज करतात, फाईल देताना मुद्दाम हात लावतात, तर ‘मीच जास्त विचार करतेय’ असं म्हणू नकोस. मेसेज डिलीट करू नकोस. तारीख, वेळ, तिथे कोण होतं, सगळं त्याच दिवशी वहीत लिही.

कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखण्यासाठीच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसांच्या ऑफिसात अशा तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समिती असायलाच हवी. शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार दे. मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. चौकशी चालू असताना बदली किंवा ३ महिन्यांपर्यंत रजा मागता येते.

‘आपसात मिटवून टाका’ असं कुणीही म्हणो, तडजोड तू मागितलीस तरच होते. दबावाखाली सही करू नकोस. तक्रार लिहिताना सोबत हवी असेल तर मी येईन.