विट्यात बसून की पुण्याला जाऊन

काय गं,

मेसेज कालच बघितला, पण एवढं सगळं व्हॉट्सॲपवर अंगठ्यानं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून आज लॅपटॉप उघडून निवांत लिहितेय. म्हंजे ऑफर दोन आल्यात, एक हिंजवडीची, पगार थोडा जास्त पण त्यातला निम्मा रूम, मेस आणि ट्रॅफिकमध्ये जाणार, आणि दुसरी पूर्ण रिमोट, विट्यात घरी बसून. आणि घरचे म्हणतायत, नेट आहे की आता, जायचं कशाला.

खानापूर-आटपाडीच्या माणसानं 'जायचं कशाला' म्हणावं याचं मला जरा हसूच आलं, रागावू नको. तुझे बाबा इतकी वर्षं तिकडं तमिळनाडूत सेलमला गलाईत, म्हंजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत. आपल्याकडची पोरं मामाच्या नाहीतर चुलत्याच्या ओळखीनं परमुलखात गेली, भट्टीपुढं बसून सोनं-चांदी गाळायला शिकली, मग स्वतःचं दुकान टाकलं आणि गावाकडनं अजून दोघांना बोलवून घेतलं, असं करत भारतभर पसरली. तेव्हा मोबाईल तरी कुठं होता! आता सोन्याचा भाव सेलमच्या गिऱ्हाईकाच्या हातात सेकंदाला हलताना दिसतो, तरी तो दागिना आणून देतो बाबांच्याच हातात, कारण चेहरा वीस वर्षांचा ओळखीचा आहे. भाव नेटवर गेला, भरवसा नाही गेला. बाबांनाच विचार, ते माझ्यापेक्षा नीट सांगतील.

तुमच्या कॉलेजात कोणीतरी शिकवलं असेल की इंटरनेटनं अंतर संपवलं. तारेपुरतं ते खरंय. फायबरमधून उजेड सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर पळतो, म्हंजे विटा ते मुंबई दोन-तीन मिलिसेकंदांचा मामला. मग हे सगळे सर्व्हर ठेवायचं डेटा सेंटर विट्यात का नाही आलं, जागा तर मुंबईपेक्षा कितीतरी स्वस्त आहे? कारण समुद्राखालच्या केबल वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात, बँका आणि शेअर बाजार मुंबईत, विजेची सोय तिकडं, म्हणून देशातला डेटा सेंटरचा सगळ्यात मोठा गठ्ठा मुंबई-नवी मुंबईत झाला. क्लाउड म्हणतात पण सगळं जमिनीवरच आहे गं. २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा कोयना धरणातनं किती विसर्ग सुटला हे ज्याच्या त्याच्या मोबाईलवर येत होतं, आणि दुसऱ्या मजल्यावर अडकलेल्यांच्या घरात लाईट नसल्यानं मोबाईलच बंद पडलेले. आणि गंमत अशी की जे काम कुठूनही होतं ते करणारी माणसंच एका जागी येऊन गोळा होतात, बंगळूर बघ, हिंजवडी बघ.

कारण शिकणं. पहिल्या दोन वर्षांत तू जे शिकशील त्यातलं निम्मं कोणी तुला मुद्दाम शिकवणार नाही. सर्व्हर पडला की शेजारचा सीनियर आधी काय बघतो, क्लायंटला फोनवर काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे कानावर पडावं लागतं, मीटिंगच्या लिंकमध्ये ते येत नाही. म्हणून रिमोट कंपनीला एक गोष्ट आधीच विचार, सगळी टीम घरून काम करते का? सगळेच घरी असतील तर ठीक आहे, त्यांना सगळं लिहून ठेवायची सवय असते. पण बाकीचे बारा जण पुण्यात एकत्र चहा पितायत आणि तू एकटी विट्यात, असं असेल तर सरळ नको म्हण. प्रमोशनच्या वेळी तुझं नाव कोणाला आठवायचं नाही, आणि त्यात वाईट हेतू कोणाचाच नसेल.

दुसरं, हे मी तुझ्या आईसमोर नाही बोलणार. घरात बसलेली पोरगी म्हंजे मोकळी पोरगी, असंच धरतात आपल्याकडं. दादा घरून काम करायला लागला की त्याच्या खोलीचं दार लोटून ठेवतात, तू करायला लागलीस की कॉल चालू असतानाच सिलेंडरवाला आला, पाहुणे आलेत चहा टाक, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर. आणि हल्ली स्थळंसुद्धा विचारतात, वर्क फ्रॉम होम आहे ना? म्हंजे पगार पण पाहिजे आणि पोळ्या पण. नेटनं काम घरात आणलं, घर कुठं बदललं.

पण पुण्यात गेलीस म्हणून सांगली मागास असं डोक्यात घेऊ नको, तसली पण पोरं बघितलीत मी. एकदा सांगलीच्या यार्डात हळदीच्या सौद्याला जाऊन उभी राहा. निजामाबादचा, इरोडचा भाव सगळ्यांच्या खिशात असतो, शेतकऱ्याच्यासुद्धा, त्यामुळं पूर्वीसारखं काहीही सांगून चालत नाही, हा बदल मोठाच आहे. तरी व्यापारी पोत्यात हात घालतो, हळकुंड काढून कट्‌कन मोडतो आणि आतला रंग बघतो, मगच आकडा बोलतो. किंवा ई-पीक पाहणी घे, २०२१ पासून शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो सरकारी ॲपवर टाकायचा. चांगलीच कल्पना, पण म्हाताऱ्या माणसाला ते जमत नाही, मग गल्लीतलं एखादं पोरगं सगळ्यांचं करत फिरतं. असली ॲप बनवताना हे माहीत असलेलं माणूस टीममध्ये पाहिजे, आणि तुला ते न शिकता माहितीय.

तेव्हा माझं मत, दोन-तीन वर्षं पुण्याला जा, नंतर रिमोट घेऊन परत यायचं असेल तर ये, तेव्हा तुझ्या अटीवर येशील. रूम बघताना ऑफिसपासून चालत जाता येईल अशीच बघ, भाडं दोन हजार जास्त गेलं तरी चालेल, त्या ट्रॅफिकमध्ये रोजचे दोन-तीन तास घालवू नको. आणि सही करायच्या आधी दोन्ही ऑफर लेटर मला पाठव, बाँड आणि नोटीस पिरियड बघायचाय. रविवारी बाबांना फोन लावणार असशील तर मलाही जोडून घे.

तुझी,
ताई