बायकांना चाचणीतून वगळल्याने धोका टळतो का?

तुमचा प्रश्न असा आहे, की गर्भाला धोका नको म्हणून बायकांना औषधचाचण्यांपासून लांब ठेवत असतील तर ती काळजीच झाली, त्यात अन्याय कुठला? मलाही पूर्वी तसंच वाटायचं. चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीवर डॉक्टर नसलेली सदस्य म्हणून काही वर्षं काम केलं आणि मत बदललं.

या चर्चेत थॅलिडोमाइड या औषधाचं नाव हमखास निघतं. १९५७ मध्ये ते जर्मनीत बाजारात आलं, १९६१ च्या शेवटी मागे घेतलं, आणि तोवर हजारो बाळं हातापायांची वाढ न होताच जन्मली होती. पण जर्मनीतल्या त्या आया औषध विकत घेऊन खात होत्या. गरोदरपणात ते चालतं का, हे न तपासताच मळमळीवर ते दिलं जात होतं. म्हणजे धडा होता 'आधी नीट तपासा' हा. घेतला गेला भलताच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७७ मध्ये, मूल होऊ शकेल अशा स्त्रियांना चाचण्यांच्या सुरुवातीच्या टप्प्यांतून वगळायला सांगितलं. त्यात गर्भनिरोधक वापरणाऱ्या आल्या, एकट्या राहणाऱ्या आल्या, नवऱ्याची नसबंदी झालेल्यासुद्धा आल्या. १९९३ पर्यंत हे चाललं.

औषधं मात्र बायका घेतच होत्या. चाचणीत निदान रक्त तपासतात, त्रास लिहून ठेवतात, गरज पडली तर औषध थांबवतात. घरी गोळी घेणाऱ्या बाईची नोंद कोण ठेवणार? झोल्पिडेम ही झोपेची गोळी अमेरिकेत १९९२ च्या शेवटी मंजूर झाली. बायकांच्या शरीरातून ती हळू बाहेर पडते, त्यामुळे सकाळी गाडी चालवतानाही तिचा अंमल उरू शकतो. बायकांसाठी शिफारस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणली ती २०१३ मध्ये. वीस वर्षांनी!

बायकांना न घेण्यासाठी 'पाळीमुळे चाचणीचे आकडे हलतात' हे कारणही मी खूप ऐकलंय. उंदरांवरच्या जवळपास तीनशे शोधनिबंधांचं एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये झालं, त्यात माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त हलताना दिसले नाहीत. आणि हलत असते तरी काय? ते औषध पाळी येणाऱ्या बाईलाच घ्यायचंय ना?

अर्थात बायकांना नुसतं घेतलं म्हणजे झालं, असंही नाही. १९५६ मध्ये गर्भनिरोधक गोळीची मोठी चाचणी प्वेर्तो रिकोतल्या गरीब बायकांवर झाली. आपण एका प्रयोगात आहोत हे त्यांना नीट सांगितलंच नव्हतं. तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी १७ टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी होत असल्याचं कळवलं, तर वरच्या संशोधकांनी ते बरंचसं मनाचे खेळ ठरवून बाजूला सारलं. मला हे वगळण्याइतकंच वाईट वाटतं.

आमच्याकडे एकदा सांधेदुखीच्या औषधाचा प्रस्ताव आला होता. पन्नाशीच्या आतल्या सगळ्या बायका वगळलेल्या. गर्भाशय काढलेल्या बाईला का वगळलंत, असं मी विचारलं. उत्तर आलं, "नेहमी असंच लिहितो." आम्ही मंजुरी थांबवली. पुढच्या बैठकीत ती ओळ गेली होती, आणि तिच्या जागी गरोदरपणाची तपासणी आणि संमतिपत्रात सोप्या भाषेतला एक परिच्छेद आला होता.