‘कुठलाही विषय चालेल’ असं लिहू नकोस

प्रश्न: नमस्कार मॅडम. मी फोंड्याला राहते, बी.एस्सी. गणिताच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढे एम.एस्सी. आणि जमलं तर पीएच.डी. करायची आहे. पुढच्या सेमिस्टरला चारांतले दोन पेपर निवडायचे आहेत: मेट्रिक स्पेसेस, न्यूमरिकल ॲनालिसिस, ऑपरेशन्स रिसर्च आणि नंबर थिअरी. सीनियर म्हणतात, ऑपरेशन्स रिसर्चला मार्क पडतात. शिवाय रिसर्चचा अनुभव हवा असं सगळेच सांगतात. मी बऱ्याच प्राध्यापकांना ईमेल केले, ‘तुमच्या हाताखाली काम करायची इच्छा आहे, कुठलाही विषय चालेल.’ एकाचंही उत्तर आलं नाही. आमच्या कॉलेजात गणितात कुणी रिसर्च करत नाही. समुद्राशी संबंधित गणित करावंसं वाटतं, पण शुद्ध गणितही सोडून द्यावंसं वाटत नाही. आई विचारते, एवढं शिकून पगार कधी सुरू होणार?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर: पेपरांचं आधी सांगून टाकते. मेट्रिक स्पेसेस आणि न्यूमरिकल ॲनालिसिस घे. ऑपरेशन्स रिसर्चमधलं लिनियर प्रोग्रामिंग तू सुट्टीत एकटी बसून वाचशील. मेट्रिक स्पेसेस, म्हणजे ‘अंतर’ या कल्पनेवर उभं असलेलं गणित, एकटीनं वाचणं कठीण, कारण तिथे सिद्धता लिहून कुणाला तरी दाखवावी लागते आणि ‘ही पायरी कुठून आली?’ असं विचारणारं माणूस समोर लागतं. एम.एस्सी.च्या पहिल्या सेमिस्टरला मुलं गळपटतात ती इथेच. उदाहरणं पटापट सुटतात, पण चार ओळींची सिद्धता स्वतःची स्वतः लिहिता येत नाही. शिकवत होते तेव्हा हुशार मुलींचंही हे होताना पाहिलंय, आणि फार वाईट वाटायचं. एम.एस्सी. प्रवेशासाठी फेब्रुवारीत होणाऱ्या ‘जॅम’ परीक्षेचा कणाही रिअल ॲनालिसिस आणि लिनियर अल्जिब्रा हाच आहे. नंबर थिअरी सुंदर आहे, ती पळून जात नाही.

शुद्ध की उपयोजित, हे आज ठरवूच नकोस. आपल्या गोव्यात १९०७ साली जन्मलेले गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी घे. १९४३ साली त्यांनी फलनांच्या (फंक्शन्सच्या) अवकाशातल्या, म्हणजे प्रत्येक फलन हा एक बिंदू मानून केलेल्या, संख्याशास्त्रावर निबंध लिहिला. वाचायला निव्वळ शुद्ध गणित. समुद्राच्या तापमानाच्या ढीगभर नोंदींतून मुख्य आकृतिबंध वेगळे काढायची जी पद्धत आज समुद्रशास्त्रात सर्रास वापरतात, तिच्या मुळाशी हीच कल्पना आहे. त्यांचंच १९४४ चं सूत्र जनुकांची अंतरं काढायला अजून वापरात आहे. मेट्रिक स्पेसेसचा पेपर तुला त्याच वाटेवर नेतो.

आता ईमेल. ‘कुठलाही विषय चालेल’ हे तू नम्रपणे लिहिलंस, पण वाचणाऱ्याला त्यातून तुझ्याबद्दल काहीच कळत नाही. पुढचं ईमेल पाठवण्याआधी एक छोटं काम स्वतः करून बघ. मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे तक्ते सर्व्हे ऑफ इंडिया काढतं. तिथले वेळा आणि उंचीचे आकडे घे. ते भाकिताचे आकडे असतात, प्रत्यक्ष मोजणीचे नव्हेत, पण सरावाला उत्तम. चंद्राच्या मुख्य भरतीचा आवर्तकाळ १२.४२ तास, सूर्याच्या भरतीचा १२ तास. दोघींची प्रत्येकी एक कोसाइन आणि एक साइन, वर सरासरी पातळी, अशा पाच अज्ञात संख्या ‘लीस्ट स्क्वेअर्स’ने, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून, काढ. पायथनमध्ये हे थोडक्या ओळींत होतं.

आधी फक्त तीन दिवसांचे आकडे वापर. या समीकरणांच्या मॅट्रिक्समधले चंद्राचे आणि सूर्याचे स्तंभ एकमेकांकडे बरेच झुकलेले निघतील, आणि आकड्यांत दोन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे केलेस तर उत्तर चांगलंच हलेल. मग पंधरा दिवसांचे घे. उत्तर बऱ्यापैकी स्थिरावेल, कारण उधाणापासून उधाणापर्यंतचं एक चक्र १४.७७ दिवसांचं असतं आणि तेवढ्यात ते दोन घटक एकमेकांपासून सुटे होतात. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीची भांगाची भरती आपल्याकडे मासे धरणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. ती तुला स्तंभांमधल्या कोनात दिसेल. यानंतर मूळ आकड्यांतून तुझं उत्तर वजा कर. जे उरेल त्यात दिवसातून एकदा येणारी भरती दिसेल, आणि मुरगावला ती नगण्य नाही. ती कशी बसवायची, किती दिवसांचे आकडे पुरतील, हा तुझा पुढचा प्रश्न.

याची दोन पानं लिहून काढ. मगच दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत किंवा ताळगाव पठारावर विद्यापीठात पत्र पाठव. एकाच व्यक्तीला, तिचा एखादा शोधनिबंध चाळून, ‘मी इथवर आले, इथे अडले’ एवढंच लिही. पंधरवड्याने एकदा आठवण कर. तुझ्या कॉलेजातल्या शिक्षकांनाही कमी लेखू नकोस. स्वतः रिसर्च न करणारे शिक्षकही आठवड्याला एक तास फळ्यापाशी उभं करून तुला प्रश्न विचारू शकतात, आणि शिफारसपत्रात तुझ्याबद्दल खरं काही लिहायला त्यांच्याकडेच असतं.

उन्हाळ्यासाठी दोन अर्ज जरूर भर. १९९३ पासून चालणारं ‘एमटीटीएस’ हे गणिताचं शिबिर माझ्या मते तुला सगळ्यात उपयोगी. तिथे व्याख्यान कमी आणि तुम्हाला बोलतं करणं जास्त. दुसरी, तीन विज्ञान अकादम्यांची मिळून असलेली दोन महिन्यांची समर रिसर्च फेलोशिप. तिचे अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी, आदल्या वर्षाच्या शेवटाकडे सुटतात, म्हणून संकेतस्थळावर आत्तापासून लक्ष ठेव. चौथं वर्ष संशोधनासह करायचं मनात असेल, तर यूजीसीच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के लागतात. मार्कांची काळजी तेवढ्यापुरती रास्त आहे.

आणि आईंचा प्रश्न अगदी योग्य आहे, त्यांना टाळू नकोस. सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा देऊन पीएच.डी.साठीची ज्युनियर रिसर्च फेलोशिप मिळाली, तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. एम.एस्सी.ची दोन वर्षं मात्र घरच्यांना सांभाळावी लागतील. ते त्यांना आजच स्पष्ट सांग.