दंगा न करणाऱ्या मुलीला एडीएचडी

साताऱ्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी आठवीत. डॉक्टरांनी एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि एका जागी स्थिर राहणं जड जाण्याची अवस्था) सांगितलं, पण शाळा म्हणते, "ती तर गप्प बसते, तिला कसलं एडीएचडी?" घरी तासन्‌तास रांगोळी काढते, गणिताला मात्र दहा मिनिटं टिकत नाही. सायन्सचा नाद आत्ताच सोडावा का, असं ते विचारतात.

नमस्कार,

नाही. शाखा दहावीनंतर बघू, आधी शाळेचं बघा.

दंगा न करणाऱ्या मुलांनाही एडीएचडी असतं. अशी मुलं वर्गात शांत बसतात, पण लक्ष भलतीकडेच. मुलींमध्ये ते बऱ्याचदा असंच असतं, म्हणून उशिरा कळतं. रांगोळीत रमते म्हणजे गणिताच्या वेळी नाटक करते, असं मुळीच नाही. आवडीच्या कामात लक्ष आपोआप लागतं. कंटाळवाण्या कामावर ते आणून टिकवणं तिला जड जातं.

वर्गशिक्षिकांना नुसतं "सांभाळून घ्या" म्हणू नका, त्याने काही हलत नाही. नेमकं मागा. पुढचा बाक, खिडकी-दारापासून लांब. एका वेळी एकच सूचना. वीस गणितांऐवजी पाच-पाचचे तुकडे, मध्ये उठायला निमित्त म्हणून वह्या वाटायचं काम. शाळा सुटताना डायरीत गृहपाठ उतरलाय का, यावर बाईंची एक नजर. आणि शिक्षा म्हणून पीटीचा तास कापायचा नाही. तिला तर तो जास्तच हवा.

दहावीच्या परीक्षेत मिळणाऱ्या सवलतींबद्दल: 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) आहे. दोन्ही अनेकदा बरोबर आढळतात. त्यामुळे नुसत्या एडीएचडीच्या कागदावर विसंबू नका. वाचन, लेखन, गणिताचीही तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र मान्यताप्राप्त सरकारी रुग्णालयाचं लागतं आणि तिथे फेऱ्या होतात, म्हणून नववी संपायची वाट बघू नका.

सायन्स तिला बंद नाही. पण अकरावीपासून दिवसभर क्लासमध्ये कोंबणारे जेईई-नीटचे कारखाने मी तिच्यासाठी सुचवणार नाही. हाताने करायचं काम भरपूर असलेला दहावीनंतरचा पॉलिटेक्निक डिप्लोमा किंवा कला, डिझाइन हे रस्ते बघून ठेवा.

तोवर तिला एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसवा. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात. फॉर्म कधी भरायचे, ते शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांना याच आठवड्यात विचारून घ्या.