वसिष्ठ-अरुंधती : ठिपके दोन, तारे सहा

सप्तर्षीतल्या या जोडीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. ताऱ्यांमधली अंतरं कला-विकलांत दिली आहेत. एका अंशाच्या 60 कला, एका कलेच्या 60 विकला. अंदाजासाठी लक्षात ठेवायचं तर पूर्णचंद्राची रुंदी साधारण 30 कला भरते.

प्रश्न : सप्तर्षी ओळखता येतात, पण शेपटीच्या मधल्या ताऱ्याशेजारी अरुंधती काही केल्या दिसत नाही. नजर कमी झाली असेल का?

उत्तर : नजरेवर लगेच ठपका ठेवू नका. दोघांमध्ये 11.8 कलांचं अंतर आहे, म्हणजे चंद्राच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून जास्त. निरोगी डोळ्याला 3-4 कलांवरचे तारेही वेगळे दिसू शकतात. अडचण तेजाची आहे. तेज प्रतीत मोजतात, आकडा जितका मोठा तितका तारा मंद. वसिष्ठ दुसऱ्या प्रतीचा, अरुंधती चौथ्या प्रतीची, म्हणजे तिचा प्रकाश पाच-सहा पट कमी. उजळलेल्या आकाशात चौथी प्रत सहज बुडते. आधी अत्री शोधा. चौकोन आणि शेपूट जिथे जुळतात तिथला हा तारा सातांत सर्वांत मंद, प्रत 3.3. तोच जेमतेम दिसत असेल, तर अरुंधतीसाठी दुसरी रात्र किंवा दुसरी जागा पाहा.

अत्री ठळक दिसतोय आणि तरीही अरुंधती नाही, तर मग चष्म्याकडे वळा. लांबचा नंबर अर्धाच आहे म्हणून बरेच जण तो लावत नाहीत, आणि दिवसा खपूनही जातं. अंधारात मात्र बाहुली 6 मिलिमीटरपर्यंत उघडते. अर्ध्या डायॉप्टरच्या चुकीमुळे तेव्हा प्रत्येक ताऱ्याचा सुमारे 10 कला रुंदीचा डाग होतो. उजेडात बाहुली 2 मिलिमीटर असताना हाच डाग साडेतीन कलांचा असतो. 10 कलांचे दोन डाग पावणेबारा कलांवर ठेवले की एकाची कड दुसऱ्याला जवळजवळ टेकते, आणि त्यातला मंद डाग हरवतो. तेव्हा चष्मा लावा, 15-20 मिनिटं अंधारात थांबा आणि मोबाइल खिशात राहू द्या. सप्तर्षी उत्तर आकाशात उंच असताना पाहा. मे महिन्याच्या शेवटी रात्री नऊच्या सुमारास वसिष्ठ सर्वांत वर असतो. 20 अंश उत्तर अक्षांशावरून तेव्हा तो क्षितिजापासून सुमारे 55 अंश चढलेला दिसेल.

नजर पारखायला ही जोडी तशी सोपीच आहे. खरी कसोटी अभिजितच्या शेजारी, स्वरमंडळातल्या एप्सिलॉन ताऱ्याची. तिथे साडेचार प्रतीच्या आसपासचे दोन तारे फक्त साडेतीन कलांवर आहेत.

प्रश्न : 10×50 च्या बायनॉक्युलरमधून अरुंधती लख्ख दिसते. पण वसिष्ठ स्वतःच जोडतारा आहे असं वाचलं, तो मात्र एकच दिसतो.

उत्तर : वसिष्ठाचे दोन घटक 14.4 विकलांवर आहेत. दहापट वर्धनात ते 144 विकला, म्हणजे 2.4 कला होतात. हे डोळ्याच्या मर्यादेच्या काठावरचं अंतर आहे आणि हाताची थरथर त्याहून मोठी. बायनॉक्युलर तिपाईवर घट्ट बसवलं तर तीक्ष्ण नजरेला तारा एका बाजूला टोक आल्यासारखा वाटेल. स्वच्छ फट हवी असेल तर 15 ते 20 पट वर्धन आणि तिपाई, दोन्ही लागतं.

प्रश्न : मग बायनॉक्युलरमध्ये वसिष्ठ आणि अरुंधतीच्या जवळ जो तिसरा मंद तारा दिसतो, तो कोण?

उत्तर : तो या कुटुंबातला नाही. आठव्या प्रतीच्या आसपासचा हा तारा त्यांच्या कितीतरी मागे आहे, आपल्या दृष्टिरेषेत आला एवढंच. 1722 मध्ये योहान लिबक्नेख्त यांना तो नवा ग्रह वाटला आणि त्यांनी आपल्या राजाच्या, लुडविगच्या, नावाने त्याचं बारसं केलं. ग्रह काही निघाला नाही, नाव राहिलं.

प्रश्न : माझी दुर्बीण 70 मिलिमीटर व्यासाची, 700 मिलिमीटर नाभीय अंतराची आहे. 10 मिलिमीटरच्या आयपीसमधून (डोळ्याजवळच्या भिंगातून) वसिष्ठ लांबट डागासारखा दिसतो. दुर्बीण लहान पडते का?

उत्तर : मुळीच नाही. 116 ला मिलिमीटरमधल्या व्यासाने भागलं की दुर्बीण किती विकलांपर्यंतची जोडी फोडू शकते ते कळतं. तुमच्यासाठी उत्तर 1.7 येतं, आणि इथे तर 14.4 विकला हाताशी आहेत. 10 च्या आयपीसवर वर्धन 70 पट (700 भागिले 10), म्हणजे दोन तारे जवळजवळ 17 कलांवर दिसायला हवेत. लांबट डाग दिसतोय याचा अर्थ दोष दुसरीकडे आहे.

फोकसची घुंडी अगदी थोडी आत आणि मग थोडी बाहेर फिरवा. डाग एका बाजूला आडवा आणि दुसऱ्या बाजूला उभा होत असेल, तर हा दृष्टिवैषम्याचा दोष. तो कुठे आहे ते शोधायला प्रथम नुसतं डोकं तिरकं करा. डाग डोक्याबरोबर फिरला तर दोष डोळ्यात आहे, तेव्हा चष्मा लावून पाहा. डाग हलला नाही तर आयपीस जागच्या जागी फिरवा. त्याच्याबरोबर फिरला तर आयपीस बदला. तरीही तसाच राहिला तर डायगोनल (नळी आणि आयपीस यांच्यामधला, प्रकाश वळवणारा भाग) काढून थेट नळीत आयपीस लावा. (फोकस बराच बाहेर घ्यावा लागेल. घुंडी पुरली नाही तर आयपीस हाताने थोडं मागे धरून बघा.) डाग गोल झाला तर डायगोनल दोषी. स्वस्त डायगोनलचा आरसा किंवा लोलक आतल्या पट्टीने जास्त दाबलेला असू शकतो. एवढं करूनही डाग लांबट राहिला तर वस्तुभिंगाची कडी फार आवळलेली आहे का ते पाहा. ती किंचित सैल करा, भिंग मात्र बाहेर काढू नका.

डाग लांबट नसून उकळल्यासारखा हलत असेल, तर दुर्बीण घराबाहेर ठेवून अर्धा तास थंड होऊ द्या आणि दिवसभर तापलेल्या गच्च्या-छपरांवरून बघणं टाळा. आयपीसबरोबर मिळालेलं तीनपट बार्लो (वर्धन तिप्पट करणारं जोडभिंग) या कामाला नको.

सुरुवात नेहमी 25 च्या आयपीसने करा. 28 पटीतही वसिष्ठ स्वच्छ फुटतो आणि अरुंधती त्याच दृष्टिक्षेत्रात राहते. सोबती अरुंधतीच्या बाजूला शोधू नका. वसिष्ठाकडून अरुंधतीकडे जाणाऱ्या रेषेला तो जवळजवळ काटकोनात आहे. एक गंमत करून बघण्यासारखी आहे. सुमारे 49 पट वर्धनावर वसिष्ठाचे दोन घटक एकमेकांपासून नेमके तेवढेच लांब दिसतात, जेवढे नुसत्या डोळ्यांना वसिष्ठ आणि अरुंधती.

प्रश्न : दुर्बिणीत तीन तारे दिसतात. सहा कुठून आले?

उत्तर : वर्णपटातून, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून. वसिष्ठाचा तेजस्वी घटक म्हणजे जवळजवळ सारखेच दोन तारे आहेत. ते एकमेकांभोवती 20.5 दिवसांत फिरतात आणि त्यांच्यातलं सरासरी अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या पाव पट आहे. इथून ते विकलेच्या शंभराव्या भागाएवढं दिसतं. वरच्याच सूत्राने ती जोडी फोडायला साडेअकरा मीटरहून रुंद आरसा लागेल. वर्णपटाला मात्र अंतराची नव्हे, वेगाची गरज असते. एक तारा आपल्याकडे येत असताना दुसरा लांब जातो, म्हणून वर्णपटातल्या एकाच्या काळ्या रेषा निळ्याकडे आणि दुसऱ्याच्या तांबड्याकडे सरकतात. कॅल्शियमची के-रेषा काही छायापट्ट्यांवर दुहेरी आणि काहींवर एकेरी दिसते, हे हार्वर्डच्या एडवर्ड पिकरिंग यांनी 1889 मध्ये जाहीर केलं. या पद्धतीने ओळखलेला हा पहिला जोडतारा. मंद घटकही जोडीच निघाला, आवर्तनकाल सुमारे 175 दिवस. पण त्याच्या रेषा फुटत नाहीत, नुसत्या मागेपुढे होतात, कारण सोबत्याचा प्रकाश फार कमी पडतो. हे झाले चार. अरुंधतीचा सोबती 2009 मध्ये सापडला. तो सूर्याच्या जेमतेम चतुर्थांश वस्तुमानाचा लाल खुजा तारा आहे, तिच्यापासून विकलाभर अंतरावर.

प्रश्न : अरुंधती खरंच वसिष्ठाच्या सोबत आहे, की मागे-पुढे असून शेजारी भासते?

उत्तर : भासणाऱ्या जोड्याही असतात. मकर राशीतला अल्फा नुसत्या डोळ्यांना सव्वासहा कलांवरचे दोन तारे दाखवतो, पण त्यातला एक सुमारे 100 प्रकाशवर्षांवर आहे आणि दुसरा त्याच्या कित्येक पट मागे. इथे तसं नाही. वसिष्ठ आणि अरुंधती दोघंही 82-83 प्रकाशवर्षांवर आहेत आणि आकाशात एकाच दिशेने, सारख्याच वेगाने सरकतात. अर्थात एवढ्याने कक्षा सिद्ध होत नाही, कारण सप्तर्षीतले अंगिरस, अत्री, पुलस्त्य आणि पुलहही याच प्रवासात आहेत. तो एक विखुरलेला तारकासमूह आहे. क्रतू आणि मरीची तेवढे त्यात नाहीत. दृष्टिरेषेला आडवं मोजलेलं दोघांमधलं अंतर पाव प्रकाशवर्षाहून थोडं जास्त भरतं. तेवढ्या अंतरावर गुरुत्वाची पकड असू शकते, पण एका फेरीला लाखो वर्षं लागतील. वसिष्ठाच्या दोन घटकांच्या फेरीलाच काही हजार वर्षं लागतात.

प्रश्न : साध्या कॅमेऱ्याने, मागोवा घेणारी तिपाई नसताना, वसिष्ठाचे दोन्ही घटक टिपता येतील का?

उत्तर : 200 मिलिमीटरची लेन्स आणि 4.3 मायक्रॉनचा पिक्सेल धरा. एका पिक्सेलवर साधारण 4.4 विकला येतात. अरुंधती 160 पिक्सेल लांब पडेल आणि वसिष्ठाचे घटक जेमतेम तीन. आकाशाच्या त्या भागात तारा सेकंदाला 8.6 विकला सरकतो, त्यामुळे शटर अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त उघडं ठेवलं की रेघ पडायला लागते. फोकस ऑटोवर सोडू नका. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठं करून हाताने फोकस करा आणि शटर टायमरने उघडा. आयएसओ 800 पासून सुरुवात करा. जास्त प्रकाश घेतला तर तेजस्वी घटकाचा डाग पसरून सोबत्याला गिळतो, म्हणून फोटो काळपट वाटला तरी चालेल. 400 मिलिमीटरवर घटक सहा-सात पिक्सेलवर जातात आणि काम सोपं होतं. मात्र तिथे शटर पाव सेकंदावर आणा.