क्लच घसरतोय? आधी पेडलची चाल मोजा

प्रश्न : माझ्याकडे केबल क्लचची छोटी पेट्रोल गाडी आहे. यवतेश्वरचा चढ लागला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी वेग घेत नाही आणि जळका वास येतो. मेकॅनिक म्हणतो, पूर्ण क्लच सेट टाका. त्याआधी घरी काही तपासता येईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : येईल. मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी 40 च्या वेगाला एक्सलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज भरकन चढला आणि वेग मागेच राहिला, तर क्लच घसरतोय. आवाजही चढत नसेल तर दोष क्लचचा नाही. एअर फिल्टर, इंधनपुरवठा आणि चिकटलेले ब्रेक पाहा. हँडब्रेक ओढून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडण्याची चाचणीही करतात, पण ती पुन्हापुन्हा केली की उरलीसुरली क्लच प्लेटही (इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी, घर्षणाचं अस्तर लावलेली चकती) जळते.

आता इंजिन बंद करून पेडल हाताने दाबा. जड लागेपर्यंत ते जेवढं खाली जातं, ती मोकळी चाल. पट्टीने मोजा. बऱ्याच छोट्या गाड्यांत ती 15 ते 25 मिमी असते. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा प्रमाण माना. प्लेट झिजते तशी ही चाल कमी होत जाते. ती संपली की रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या) पात्यांवर कायम टेकून राहतं, म्हणजे क्लच कायम थोडा दाबलेलाच! गिअरबॉक्सजवळ केबलच्या टोकाला नट असतो. तो सैल करत चाल पुस्तिकेप्रमाणे आणा, पेडल काही वेळा दाबून पुन्हा मोजा. केबल अडकत असेल तर बदला. हे अर्ध्या तासाचं काम आहे.

चाल बरोबर असूनही घसरत असेल, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली शिरू नका. स्टँड आणि इंजिनला आधार नसेल तर हे काम गॅरेजलाच द्या, पण समोर उभं राहून तीन गोष्टी बघा. प्लेटचं अस्तर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजलंय का? फ्लायव्हीलवर (प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनच्या जड चकतीवर) निळे डाग, तडे आहेत का? आणि प्लेट तेलकट आहे का? तेलकट असेल तर आधी गळकं सील बदला, नाहीतर नवी प्लेटही वाया जाईल. काळं तेल इंजिनच्या मागच्या सीलचं. उग्र, गंधकासारखा वास येत असेल तर गिअरबॉक्सचं. प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच टाका. मजुरी तेवढीच पडते. आतली धूळ हवेने उडवू नका, ती फुप्फुसांना घातक असते.

प्रश्न : नवी प्लेट टाकली, पण जागेवरून निघताना गाडी थरथरते. (एक वाचिका, सांगली)

उत्तर : फ्लायव्हील घासून सपाट न करता प्लेट बसवली, की बहुधा असंच होतं. बसवताना अस्तराला ग्रीसचा हात लागला असेल तरीही थरथर येते. मात्र गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याआधी इंजिनचे माउंटिंग रबर तपासून घ्या. ते स्वस्त आहेत आणि वरूनच दिसतात.